खेळणं वेगळं, खेळवणं वेगळं

मैत्रिणींनो, तुमचंही असं होतं का? लेक पोळ्या लाटायला बसली की दोन मिनिटांत आपण म्हणतो, ‘सरक गं, मीच करते!’

मी त्यातलीच. बावीस वर्षं वर्गात शिकवलं, छान जमलं. मग शाळेने मला पर्यवेक्षिका केलं आणि झोपच उडाली. नवी शिक्षिका फळ्यापाशी अडखळली की खडू मीच हातात घ्यायचे. एकदा ती रडवेली होऊन म्हणाली, ‘बाई, मला शिकवायला येतच नाही का हो?’ मला उत्तर सुचेना.

त्याच आठवड्यात, ५ ऑगस्ट २०२३ला, शनिवारची सकाळची शाळा करून घरी आले, तर लेक टीव्हीवर महिलांचा फुटबॉल विश्वचषक बघत होती. नॉर्वे विरुद्ध जपान. मैदानाच्या कडेला नॉर्वेच्या प्रशिक्षक हेगे रीसे उभ्या होत्या.

‘आई, या बाई स्वतः केवढ्या खेळल्यात!’ लेक सांगू लागली. १९९३ साली युरोपचं अजिंक्यपद, १९९५ साली विश्वचषक, २००० साली सिडनीत ऑलिंपिक सुवर्ण. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध पहिला गोल त्यांचाच. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूही त्याच. देशासाठी तब्बल १८८ सामने!

एवढं असूनही प्रशिक्षक म्हणून त्यांनी दुय्यम जागाही पत्करली. २०१२च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघात त्या सहायक होत्या. पुढे मायदेशी एका क्लबला त्यांनी लीगची विजेतेपदं मिळवून दिली. २०२२ साली युरो स्पर्धेत इंग्लंडने नॉर्वेला ८-० असं धुतलं. त्यानंतर खचलेला संघ रीसेबाईंच्या हाती आला.

त्या दिवशी जपानने नॉर्वेला ३-१ हरवलं. कडेची पांढरी रेघ ओलांडून आत जायची बाईंना सोय नव्हती. उभं राहून बघायचं, बस्स! त्याच वर्षी त्यांनी पद सोडलं. खेळाडू म्हणून मिळालेलं यश प्रशिक्षकाच्या खुर्चीत आपोआप येत नाही, हेच खरं.

सोमवारी मी त्या शिक्षिकेच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. अपूर्णांकाशी ती अडली. मी बाक घट्ट धरून ठेवला. तिने पुसलं, पुन्हा मांडलं. गणित सुटलं, पण माझ्या रीतीने नव्हे, तिच्या. मुलांना मात्र कळलं होतं.

पोळ्यांचं तेवढं अजून जमायचंय!