थिजविलेले पन्हे व त्यामागील शास्त्र

आमच्या गावाचे नाव भोकर, आणि भोकर हे एक फळही आहे, हे येथील वाचकांस सांगावयास नको. ते फळ आतून चिकट असून त्याचे लोणचे उत्तम होते. सरबत मात्र होत नाही. तेव्हा उन्हाळ्यातील पेयाविषयी लिहावयास बसलो असता आम्हास गावच्या नावाचे फळ बाजूस ठेवून कैरीकडे वळावे लागले, याबद्दल ग्रामाभिमानी वाचकांनी क्षमा करावी.

वैशाख महिन्यात मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीतून जो कोणी भोकर स्थानकावर भर दुपारी उतरला असेल, त्यास येथील उन्हाचे वर्णन ऐकविण्याचे कारण नाही. पारा चाळीस अंशांच्या वर जातो, वारा भट्टीतून आल्यासारखा येतो, आणि सकाळची शाळा सुटून घरी निघालेला मुलगा वाटेत पहिली सरबताची गाडी दिसताच थांबतो. तांबडे, हिरवे, केशरी असे कोणतेही पाणी त्यास चालते. त्यात बर्फ असला म्हणजे झाले. त्या मुलास आम्ही दोष देत नाही. आम्हीही त्याच वाटेने घरी जात असू. परंतु पेल्यातील तो बर्फ कोणत्या पाण्याचा झालेला आहे, हा प्रश्न त्याने नाही तरी त्याच्या आईवडिलांनी अवश्य विचारावा.

पुष्कळांची अशी समजूत असते की, पाणी गोठले म्हणजे त्यातील रोगजंतू मरतात. ही समजूत साफ चुकीची आहे. विषमज्वराचे, काविळीचे व पटकीचे जंतू बर्फात निपचित पडून राहतात, आणि बर्फ वितळून पोटात गेला की पुन्हा आपले काम सुरू करतात. शिवाय बाजारात जी बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून येते, ती सर्वच खाण्यासाठी केलेली नसते. मासळी टिकविण्यासाठी व अशाच इतर कामांसाठीही बर्फ होतो. दोहोंतील फरक डोळ्यांस दिसावा म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली खाण्यास अयोग्य अशा बर्फास निळा रंग देण्याचा नियम केला. नियम चांगला आहे. पण किसून लाल सरबतात बुडविलेल्या बर्फाचा मूळ रंग ओळखणार कोण? त्यातून आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्याबरोबर पाण्याचीही टंचाई येते. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. विहिरी तळ गाठतात, टँकर येतात, आणि अशा दिवसांत पिण्याच्या पाण्याचीच जेथे खात्री नाही, तेथे बर्फाच्या पाण्याची खात्री कोणी द्यावी?

यास्तव आमचे म्हणणे एवढेच की, बर्फ वापरावा, पण तो पेल्यात घालू नये. पेयाच्या भांड्याबाहेर ठेवावा. असे केल्याने पेय कमी गार होईल असे ज्यास वाटत असेल, त्याने पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा.

थंडी म्हणून काही पदार्थ नाही. आपण 'बर्फाची थंडी पाण्यात उतरली' असे बोलतो. वास्तविक पाण्यातील उष्णता बर्फात गेलेली असते. पेय गार करणे म्हणजे त्यातील उष्णता काढून घेणे, आणि ती काढून घेण्याचे काम आपल्या घरी एक फार जुने पात्र रोज करीत असते. ते म्हणजे माठ. माठाच्या अंगास बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेर येते व वाळते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ती आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाणी असे वाळले म्हणजे सुमारे ५८० ग्रॅम पाण्याची उष्णता एक अंशाने उतरते. हवा जितकी कोरडी तितके हे काम जोमाने चालते. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत माठ जेथे हात टेकतो, तेथे आमच्या कोरड्या उन्हात बाहेर ४२ अंश असता आतील पाणी पंचवीस अंशांच्या आसपास राहू शकते. निसर्गाने येथे ऊन अधिक दिले तसा त्यावरचा उताराही दिला, असे म्हणावयास हरकत नाही. नवा माठ चांगला पाझरतो व जुना पाझरत नाही, कारण पाण्यातील क्षारांनी छिद्रे बुजतात. दर वर्षी नवा माठ घेण्याचा आजीबाईंचा हट्ट हा काही खर्चाचा शौक नव्हे.

आपले शरीरही एक माठच आहे. घाम वाळतो तेव्हा अंग निवते. शरीरातील पाणी व मीठ संपले की हा उपाय थांबतो, आणि मग ऊन लागते. ऊन लागून जो बेशुद्ध झाला असेल त्याच्या तोंडात सरबत, पन्हे, पाणी काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन घात होतो. त्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वा ओली फडकी ठेवून वारा घालावा, म्हणजे माठाचेच काम बाहेरून करावे, व तत्काळ दवाखान्यात पोचवावे. पन्ह्याचा उपयोग त्याआधी आहे.

माठाने पेय गार होते, परंतु थिजत नाही. त्यासाठी बर्फ हवा. एक ग्रॅम बर्फ वितळताना जी उष्णता घेतो, तेवढ्या उष्णतेने तेवढेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. तथापि नुसत्या बर्फात डबा ठेवला तर आतील गोड पेय शून्य अंशाशी येऊन थांबते, गोठत नाही. कारण साखर किंवा गूळ विरघळलेले पाणी शून्याच्या खाली एक-दीड अंश उतरल्यावरच गोठू लागते. येथे मीठ उपयोगी पडते. बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे कण सतत सुटत असतात व सतत परत येऊन चिकटतही असतात. शून्य अंशाला ही ये-जा सारखी असते. त्या पाण्यात मीठ विरघळले की परत चिकटणाऱ्यांची संख्या घटते, सुटणारे मात्र सुटतच राहतात. म्हणजे बर्फ अधिक झपाट्याने वितळतो, वितळण्यास लागणारी उष्णता स्वतःतून व शेजारच्या डब्यातून ओढून घेतो, आणि मिश्रण शून्याच्या पुष्कळ खाली जाते. शास्त्रीय काळजी घेतल्यास ही उतरण उणे २१ अंशांपर्यंत होते. घरच्या बादलीत उणे दहा ते बारा झाली तरी आपले काम भागते.

हे सर्व आमच्या डोक्यात शाळेच्या पुस्तकाने नव्हे, तर कुल्फीवाल्याने शिरविले. त्याच्या माठात बर्फ व मीठ असते, मधोमध झाकण लावलेले पत्र्याचे साचे उभे असतात, आणि बर्फाचा एक कणही कुल्फीत जात नाही. 'बर्फ बाहेर, माल आत' हे तत्त्व तो पूर्वीपासून पाळीत आला आहे.

या विद्येचा इतिहासही मनोरंजक आहे. अकबराच्या पदरी सोरा पाण्यात विरघळवून त्यात पाण्याची सुरई फिरवीत व पाणी गार करीत, असे अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त लिहिले आहे. डोंगरातून बर्फ आणवीत तो वेगळाच. सरबत हा शब्द अरबीतला. तोच तुर्कांकडून इटलीत जाऊन तेथील थिजविलेल्या फळरसाचे नाव झाला. पुढे १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर याने तळ्यावरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून, जहाजाने कलकत्त्यास पाठविला. सुमारे १८० टन निघाला व चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन पोचला! मुंबईस असा बर्फ १८३४ च्या सुमारास येऊ लागला. जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत आईस्क्रीम वाढले, आणि यजमान व पाहुणे सर्वांस पडसे झाले, असे मुंबईविषयीच्या जुन्या ग्रंथांत नमूद आहे. पडशाचा दोष बर्फाकडे होता की लोकांच्या जिभांकडे, हे आम्ही सांगू शकत नाही. हाताने फिरवावयाच्या आईस्क्रीमच्या पॉटाचे पेटंट १८४३ साली फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतले. त्यातही बर्फ व मीठ बाहेरच्या बादलीतच असतात.

आता कृती. अर्धा किलो कैऱ्या स्वच्छ धुऊन उकडाव्या. गार झाल्यावर साल व कोय काढून गर हाताने कुस्करून गाळावा. तीनशे ग्रॅम गूळ लिटरभर पाण्यात घालून एक उकळी आणावी व गाळून घ्यावा. म्हणजे गुळातील कचराही जातो व पाणीही निर्धोक होते. हे पाणी पूर्ण निवाले की त्यात गर, चमचाभर मीठ व चार-सहा वेलदोड्यांची पूड मिसळावी. चव पाहताना पन्हे नेहमीपेक्षा थोडे अधिक गोड लागले पाहिजे, कारण अतिगार पदार्थाची गोडी जिभेस कमी जाणवते. भांडे स्टीलचे घ्यावे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, आणि जर्मनच्या डब्यासही आंबट मानवत नाही. तयार पन्हे झाकून, भांडे तासभर माठाच्या पाण्याने भिजविलेल्या जाड फडक्यात गुंडाळून वाऱ्यावर ठेवावे. एवढ्याने बर्फाची बरीच बचत होते.

नंतर घट्ट झाकणाचा उंच डबा घेऊन त्यात पाऊणच भरेल इतके पन्हे ओतावे, कारण थिजताना पाणी फुगते. बादलीस बाहेरून गोणपाट गुंडाळावे. चार किलो बर्फ गोणपाटात घालून बत्त्याने सुपारीएवढा फोडावा. सुमारे सव्वा किलो जाडे मीठ जवळ ठेवावे. तळाशी बर्फाचा थर, त्यावर डबा, मग सभोवार एक थर बर्फाचा व त्यावर मूठभर मीठ, असे भरीत जावे. थर डब्याच्या झाकणाखाली चार बोटे थांबले पाहिजेत. ही अट आम्ही अनुभवाने घालतो. पहिल्या खेपेस आम्ही मोठ्या उत्साहाने झाकणावरही बर्फ रचला. अर्ध्या तासाने डबा उघडला तो वितळलेले खारट पाणी आत उतरलेले! घरात चार पाहुणी मुले पेले घेऊन बसली होती. त्यांतील सर्वांत लहानाने एक घोट घेऊन पेला मुकाट्याने खाली ठेवला. त्याचा तो चेहरा आम्ही अद्याप विसरलो नाही.

डबा कडीने धरून सारखा अर्धा इकडे, अर्धा तिकडे फिरवावा. दर सात-आठ मिनिटांनी झाकण भोवतीचे पाणी पुसून उघडावे व कडेला धरलेला थर लाकडी उलथन्याने खरवडून मध्यभागी ढकलावा. हे खरवडणे टाळले तर काय होते? गोड पाणी गोठते तेव्हा प्रथम शुद्ध पाण्याचे स्फटिक बनतात आणि गोडी उरलेल्या द्रवात राहते. ढवळले नाही तर हे स्फटिक वाढून काचेसारखे होतात व पन्ह्याचा अर्क मध्ये वेगळा साचतो. काडीवरचे गारेगार चोखताना रंग व गोडी आधी निघून जाते व हातात पांढरा बर्फ उरतो, त्याचे कारण हेच. ढवळीत राहिल्यास स्फटिक बारीक राहतात, आणि तीस-चाळीस मिनिटांत ओल्या वाळूसारखे, चमच्याने उचलता येईल व पेल्यातून पिताही येईल असे पन्हे तयार होते. या कामात मुलांचे हात अवश्य लावावे. मात्र मीठ मिसळलेल्या बर्फास उघड्या हाताने कोणी धरू नये. तो साध्या बर्फाहून फार थंड असल्याने कातडी पोळल्यासारखी होते.

लिंबाचे सरबत, बेलफळ व कवठ यांस हीच रीत चालते. कवठास गूळ थोडा अधिक घालावा. टरबूज उकडता येत नाही, म्हणून ते कापण्यापूर्वी सालीसकट चांगले धुवावे, सुरी व हात धुवावे आणि कापलेले लगेच थिजवावे. त्यात पाणी मुळीच घालू नये. आमरस थिजतो उत्तम, परंतु तो प्यावयाचा नव्हे, खावयाचा पदार्थ होतो. ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी पन्हे पसरट भांड्यात वरच्या कप्प्यात ठेवून दर अर्ध्या तासाने काट्याने मोडावे, म्हणजे झाले. फ्रीज तरी दुसरे काय करतो? त्याच्या नळ्यांतील द्रवाची वाफ होताना तो आतील उष्णता शोषून बाहेर टाकतो. माठाचीच ती सुधारलेली आवृत्ती. पण वीज गेली की ती आवृत्ती बंद पडते, आणि उन्हाळ्यात वीज केव्हा जाते हे वाचकांस ठाऊक आहे.

काम झाल्यावर बादलीत जे खारे पाणी उरते ते झाडांच्या मुळाशी ओतू नये, झाडे मरतात. ते जुन्या कापडातून गाळून मोठ्या परातीत गच्चीवर ठेवावे. आमच्या उन्हात दोन-चार दिवसांत पाणी उडून तळाशी मीठ उरते. ते स्वयंपाकास घेऊ नये. बरणीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून, पुढच्या खेपेच्या बर्फासाठी ठेवावे.