एका मिनिटात सहा श्वास

सकाळी चहाचे आधण ठेवण्याआधी मांडणीवरची एक स्टीलची ताटली काढा, नाकाखाली आडवी धरा आणि तिच्यावर नाकाने हलकेच श्वास सोडा. दिग्रसच्या पौषातल्या थंडीत ताटली रात्रभर अशी गार पडलेली असते की लगेच वाफ धरते. आता नीट बघा. वाफेचे दोन डाग उमटलेत, दोन नाकपुड्यांचे दोन. सारखे आहेत का? बहुतेक वेळा नसतात. एक मोठा, एक लहान. काही तासांनी हाच प्रयोग पुन्हा केलात, तर लहान होता तो मोठा झालेला दिसण्याची बरीच शक्यता आहे!

सर्दी नाही, पडसे नाही, मग हा काय प्रकार? नाकाच्या आत दोन्ही बाजूंना रक्ताने फुगणारे मऊ पडदे आहेत. एका बाजूचे फुगले की दुसऱ्या बाजूचे ओसरतात आणि काही तासांनी पाळी बदलते. आपण झोपलेले असू, शेतात असू, बसस्टँडवर उभे असू, ही अदलाबदल चालूच राहते. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने १८९५ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. आपल्याकडच्या स्वरशास्त्राच्या पोथ्यांत मात्र डावा चंद्रस्वर आणि उजवा सूर्यस्वर आळीपाळीने वाहतात, हे त्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेले आहे. त्या स्वरांवरून सांगितलेली शुभाशुभ फळे मी मानत नाही. पण कुठलेही यंत्र हाताशी नसताना हे लक्षात आलेच कसे? कुणीतरी रोज, न कंटाळता, स्वतःच्या नाकाकडे लक्ष देऊन बसले असणार!

आज तसे बसणारे पुष्कळ आहेत. दिग्रस काय, दारव्हा काय, पुसद काय, पहाटे फिरायला निघालात की मैदानाच्या कडेला सतरंजी टाकून अनुलोम-विलोम आणि कपालभाती करणारी मंडळी भेटतातच. टीव्हीवरच्या योगवर्गांनी ही सवय वाढवली हे खरे, पण विदर्भाला ती नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. नागपूरच्या जनार्दनस्वामींनी आणि त्यांच्या योगाभ्यासी मंडळानेही टीव्हीच्या कितीतरी आधी लोकांना आसन-प्राणायामाला बसवले. मैदानावरच्या या मंडळींपैकी कुणालाही विचारा, काका, याने काय होते हो? उत्तर ठरलेले असते: ‘भरपूर ऑक्सिजन मिळतो!’

हे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका माणसाने तपासून पाहिले आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा. काही काळ अंमळनेरला शिक्षक. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले आणि मग त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: गुरूंनी सांगितले ते खरेच असेल, तर ते यंत्रावरही दिसलेच पाहिजे. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक. साधकाला क्ष-किरण यंत्रापुढे उभे करायचे, उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करायला लावायच्या, पोटात काय हलते ते बघायचे, आतला दाब नळीने मोजायचा. शंभर वर्षांपूर्वी! नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, असे त्यांना आढळले. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

याच माणसाने प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन घेते तेही मोजले आणि स्वच्छ लिहिले, की प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजनात नाही. आयुष्य ज्या विद्येला वाहिले, तिच्याबद्दलची सर्वांत लाडकी समजूत स्वतःच मोडीत काढायची! मला या माणसाबद्दल अपार आदर वाटतो तो यासाठी.

त्यांचे म्हणणे आज घरच्या घरी पटते. कोरोनाच्या दिवसांत आणलेले ऑक्सिमीटर कपाटात असेल, ते बोटाला लावा. निरोगी माणसाचा आकडा काहीही न करता ९७-९८ येतो. म्हणजे रक्त जवळपास पूर्ण भरलेले आहेच. वर भरायला जागा आहे कुठे?

मग सावकाश श्वास घेतल्यावर बरे वाटते ते कशाने?

त्यासाठी विहिरीवरची मोटार आठवा. बटन दाबले की वाफ्यात ताजे पाणी लगेच येत नाही. आधी पाइपात साचलेले जुने, तापलेले पाणी येते. आपला श्वासही तसाच आहे. नाकापासून फुप्फुसातल्या बारीक फुग्यांपर्यंत जी नळी जाते, तिच्यात मागच्या उच्छ्वासाची साधारण १५० मिलिलिटर शिळी हवा अडकून राहते. नवा श्वास घेतला की आधी तीच आत जाते. आता हिशेब करा. सहज श्वास ५०० मिलिलिटरचा. त्यातले १५० पाइपाचे, कामाचे ३५०. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर हवा हलते साडेसात लिटर आणि कामाला येते सव्वापाच लिटर. घाबरलेला माणूस वरच्यावर अडीचशे मिलिलिटरचे तीस श्वास घेतो. हवा तितकीच हलली, साडेसात लिटर, पण पोचली फक्त तीन! आणि सावकाश, एकेक लिटरचे सहाच श्वास घेतले तर? हवा सहा लिटरच हलली आणि पोचली पाच लिटरच्या वर. मेहनत कमी आणि पदरात जवळपास तेवढेच. ज्या फुग्यांपर्यंत ही हवा जाते ते एका माणसाच्या छातीत सुमारे ४८ कोटी असतात. सगळे उलगडून पसरले तर सातशे चौरस फुटांच्या वर जागा लागेल.

नाक दाबले की तोंड उघडते, हे आपण जाणतोच. पण ते उघडायला लावतो कोण? ऑक्सिजन संपत आला म्हणून जीव घाबरतो असे वाटते ना? तसे नाही. रक्तात साचत जाणारा कार्बन डायऑक्साइड मेंदूला हाक मारतो. जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ साली हे दाखवून दिले. ज्याला आपण टाकाऊ वायू म्हणून हिणवतो, तोच श्वासाचा खरा मुकादम! जोरजोरात भस्त्रिका केल्यावर गरगरते तेही यामुळेच. हा वायू जादा बाहेर फेकला गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तही आपल्याजवळचा ऑक्सिजन सहजी सोडत नाही. इतकी हवा ओढूनही मेंदूला मिळतो कमीच.

आता डाव्या मनगटावर बोटे ठेवून नाडी शोधा. चार मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. दोन-चार फेऱ्यांनंतर बोटांखाली जाणवू लागेल: श्वास घेताना ठोके लगबगीने पडतात, सोडताना रेंगाळतात. हा दोष नाही, निरोगीपणाची खूण आहे. हृदयाला एकटे सोडले तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. मेंदूतून मानेवाटे उतरणारी वेगस नावाची नस त्याला सत्तरच्या घरात आवरून धरते. श्वास घेताना तिची पकड सैल होते, सोडताना घट्ट होते. म्हणून उच्छ्वास जितका लांबवाल तितका वेळ ही पकड टिकते. हृदयाला ‘हळू चाल’ असा थेट हुकूम देता येतो का? नाही. पचनाला, घामाला, रक्तदाबालाही देता येत नाही. श्वास मात्र आपला आपण चालतो आणि सांगितले तर ऐकतोही!

चार आणि सहा मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. दहाच का? कारण रक्तदाबही साधारण दर दहा सेकंदांनी थोडा चढतो, थोडा उतरतो. श्वासाची लाट त्या लाटेत नेमकी मिसळली की दाब सांभाळणारी सारी यंत्रणा जास्त तल्लख होते. इटलीतले संशोधक लुचानो बर्नार्दी यांनी काही जणांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली, मग ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला! २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आले. धर्म वेगळा, भाषा वेगळी, ताल एकच. पहाटे देवळात लांबवून काकड आरती म्हणणाऱ्यांना असे यंत्र लावून पाहावे, असे मला फार वाटते.

श्वासाच्या तालाचा मेंदूतला उगमही सापडला आहे, मेंदूच्या देठातला पेशींचा एक बारीक पुंजका. त्यातल्या काही शेच पेशी ‘जागा हो, सावध हो’ असे सांगणाऱ्या केंद्राशी जोडलेल्या असतात. २०१७ साली शास्त्रज्ञांनी उंदरांमधल्या तेवढ्याच पेशी काढून टाकल्या. एरवी नव्या पिंजऱ्यात सैरावैरा हुंगत फिरणारे उंदीर निवांत बसून अंग चाटू लागले. म्हणजे मनाची धावपळ श्वासात उतरते, तशी श्वासाची गती मनापर्यंत पोचायलाही वाट आहे.

सकाळच का, तर पोट रिकामे असते आणि छातीखालच्या श्वासपटलाला खाली सरकायला जागा मिळते. शिवाय जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक एकदम चढते, शरीर दिवसाची तयारी करू लागते. त्याच वेळी पाच-दहा मिनिटे सावकाश बसले की घाईला लगाम बसतो. कपालभाती जपून करा. एरवी श्वास घ्यायला जोर लागतो आणि सोडणे आपसूक होते. कपालभातीत अगदी उलटे, त्यामुळे पोटावर दाब येतो. रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

भ्रामरीला मात्र असा जोर लागत नाही. तोंड मिटून भुंग्यासारखा गुणगुणाट करत श्वास सोडायचा, बस. गालांच्या आणि कपाळाच्या हाडांत ज्या पोकळ्या आहेत, तिथे नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होत असतो. तो रक्तवाहिन्या रुंदावतो, जंतूंना आवरतो. पण पोकळ्यांची दारे अरुंद, तो बाहेर येणार कसा? स्वीडनच्या वाइट्सबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ साली लोकांना नुसता नाकाने श्वास सोडायला लावला, मग गुणगुणत सोडायला लावला, आणि दोन्ही वेळा हा वायू मोजला. गुणगुणताना तो पंधरापट निघाला! आवाजाच्या थरथरीने पोकळ्यांतली हवा हलते आणि आतला साठा नाकात उतरतो. लगेच दुसऱ्यांदा गुणगुणले तर कमी निघतो, कारण साठा रिता झालेला असतो. तीन-एक मिनिटे थांबा, पोकळ्या पुन्हा भरतात.