मूळपेशींचा शेजारधर्म

पहूरच्या बसस्टँडवर जळगावच्या नाहीतर संभाजीनगरच्या गाडीची वाट पाहताना, हातात रिपोर्टची पिशवी धरलेलं कुणी ना कुणी भेटतं. "भाऊ, स्टेम सेलनं किडनी नवी होते म्हणे, खरं का?" हा प्रश्न आता खेड्यापाड्यांत पोचला आहे. त्याचं नीट उत्तर मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

रक्ताच्या मूळपेशी म्हणजेच स्टेम सेल हाडांतल्या मज्जेत राहतात आणि आयुष्यभर रक्त घडवतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. हे भारतातलं पहिलं यशस्वी मज्जा प्रत्यारोपण. पोलिओमुळे व्हीलचेअरवरून काम करणारे अडवाणी हे तंत्र सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे शिकले होते. थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं.

या प्रत्यारोपणात रुग्णावर चिरफाड होत नाही. आधी काही दिवस तीव्र औषधांनी जुनी मज्जा रिकामी करतात. मग दात्याच्या पेशींची लाल पिशवी स्टँडला टांगतात आणि सलाईनसारखी शिरेतून सोडतात. पेशींना मज्जेची वाट कोण दाखवतं? मज्जेतल्या पेशी 'सीएक्ससीएल१२' नावाचं प्रथिन सोडतात. मूळपेशींना त्याचा माग लागतो आणि त्या तिथे मुक्काम करतात. दोन ते चार आठवड्यांत नव्या पांढऱ्या पेशी दिसू लागतात.

या नव्या रक्ताची गाठ रुग्णाच्या प्रत्येक अवयवाशी पडते. दात्याच्या टी-पेशींना रुग्णाची त्वचा, आतडं, यकृत परकं वाटलं, तर त्या हल्ला चढवतात. अंगावर पुरळ, जुलाब, कावीळ ही त्याची लक्षणं. म्हणून तर दाता आणि रुग्ण यांच्या पेशींच्या ओळखखुणांची, म्हणजे एचएलएची, जुळणी इतकी काटेकोर असते. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

मग या पेशी अवयव नवा घडवतात का? २००१ च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांतून तशी आशा निर्माण झाली होती. पण २००३ साली दिसलं, की यकृतात दात्याच्या पेशी मूळ यकृतपेशींत मिसळून गेल्या होत्या, नव्या यकृतपेशी घडल्या नव्हत्या. २००४ साली हृदयाबाबतही रक्तपेशींचा स्नायू होत नसल्याचं सिद्ध झालं.

पण या मूळपेशी मदत मात्र करतात. सिस्टिनोसिस या आनुवंशिक आजारात पेशींत सिस्टीनचे स्फटिक साचून मूत्रपिंड निकामी होतं. कॅलिफोर्नियातल्या डॉ. स्टेफनी शेरकी यांच्या गटाने अशा उंदरांना निरोगी मूळपेशी दिल्या आणि त्यांचं मूत्रपिंड वाचलं. २०१५ साली त्यामागचं कारण कळलं. मूळपेशींपासून झालेल्या भक्षकपेशी केसाहून कितीतरी बारीक नळ्या काढतात आणि त्यांतून निरोगी लायसोसोम (पेशीतला कचरा निपटणाऱ्या पिशव्या) आजारी पेशीला पोचवतात. शेजारणीने भिंतीवरून भाजीची वाटी द्यावी, तसं. हर्लर या आजारातही दात्याच्या पेशी तयार करतात ते विकर अवयवांतल्या पेशी शोषून घेतात. इथे अवयव जुनाच राहतो, त्याला फक्त आधार मिळतो.

खानदेशाला हे जवळचं आहे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, आणि हाडं, प्लीहा, मूत्रपिंड सगळ्यांनाच त्याची झळ बसते. इथे तर मूळ दोषच रक्तात असतो. म्हणूनच मज्जा प्रत्यारोपण हा आजार बरा करणारा उपाय ठरतो. संशोधन सांगतं, की दात्याच्या पेशींचा वाटा मज्जेत सुमारे २० टक्के राहिला तरी आजार आवरतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त आजारांसाठीचं रक्त-मूळपेशी प्रत्यारोपण हाच रूढ उपचार आहे. बाकी सारे मूळपेशी-उपचार त्यांत प्रयोगाच्या पातळीवरचे मानले आहेत, आणि रीतसर चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. म्हणून शेतजमीन गहाण टाकण्याआधी 'कोणत्या आजारासाठी, कोणाच्या पेशी, कोणत्या पुराव्यावर?' हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं. घरात सिकलसेल असेल, तर लग्नाआधी रक्त तपासावं आणि मूल आजारी असल्यास भावंडांची जुळणी वेळेत करून घ्यावी. जीव वाचवणारा दाता कदाचित घरातच असेल.