भिंतीवर कोरलेला कायदा

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरहून नैऋत्येला, कांचीपुरम जिल्ह्यात उत्तिरमेरूर आहे. तिथल्या मंदिराच्या दगडी भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इ. स. 919 आणि 921 चे तमिळ शिलालेख आहेत. या ब्राह्मण वसाहतीच्या सभेने समित्या कशा निवडायच्या, याचे नियम राजाचा अधिकारी हजर असताना त्यांत नोंदवले आहेत.

गावाचे 30 प्रभाग. 921 च्या लेखानुसार उमेदवाराचे वय 35 ते 70, स्वतःच्या जागेवर घर, सारा भरलेली जमीन आणि वेदाध्ययन हवे. पूर्वीच्या कामाचा हिशेब न देणारा बाद, आणि त्याचे जवळचे नातलगही बाद! नावांच्या ताडपत्री चिठ्ठ्या मडक्यात टाकून लहान मुलाच्या हातून काढत.

स्त्रिया आणि इतर जाती यांतून वगळलेल्या होत्या, हे विसरता कामा नये. तरीही नियम चारचौघांत कोरला की तो गुपचूप बदलणे अवघड होते. त्यातच या लेखांचे बळ आहे.

दगडावर लिहून ठेवण्याची ही रीत पुढेही टिकली. 1803 मध्ये सरफोजीराजांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरवला, तोही मराठीत.