रोहितांचा मुलूख, निवटीचा चिखल

शहाड स्थानक सोडून गाडी आंबिवलीच्या दिशेने निघाली की उल्हास नदीचा पूल लागतो. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्या पुलाखाली जलपर्णीची हिरवीगार पथारी पसरलेली दिसली, म्हणजे प्रथमदर्शनी डोळे निवतात खरे, परंतु तिच्या सावलीत नदीचा श्वास कोंडला आहे हे आठवताच ते सुख ओसरते. याच पात्रातून शहाड-टेमघर योजना ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या नगरांना पाणी पाजते. पुढे कल्याणला वालधुनीचे मलिन पाणी पोटात घेऊन नदी खाडी होते. ठाण्याजवळ तिचा मुख्य प्रवाह पश्चिमेस वसईकडे वळतो, आणि एक अरुंद फाटा कळव्यावरून दक्षिणेस ठाण्याच्या खाडीस मिळतो.

या खाडीचा ऐरोली ते वाशी पुलांदरम्यानचा १६९० हेक्टरांचा इलाखा ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारी जाहीरनाम्याने अभयारण्य ठरला. ८९६ हेक्टर कांदळवन, ७९४ हेक्टर जलक्षेत्र, आणि नाव मात्र रोहित पक्ष्याचे! २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीतही खाडीची नोंद झाली. नावात प्राधान्यक्रम आपोआप ठरून जातो: ज्याचे नाव पाटीवर, त्याची आधी गणती, त्याचा आधी बंदोबस्त. लहान रोहित जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे हे खरे. पण त्याच चिखलात चोच खुपसणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा त्याच वर्गात मोडतो, आणि त्याच्यासाठी कोणी दुर्बीण घेऊन होडीत बसल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

शिवाय रोहितांच्या संख्येवरून खाडीचे आरोग्य ताडणे धोक्याचे आहे. लहान रोहित चोचीच्या गाळणीतून सूक्ष्म शेवाळ टिपतो, आणि हे शेवाळ शहराच्या सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर पोसले जाते असे अभ्यासकांचे अनुमान आहे. ते खरे असेल तर दर हिवाळ्यात पसरणारी ती गुलाबी झाक म्हणजे खाडीचे बाळसे की सूज, हा प्रश्न उरतोच.

म्हणून क्रम लावायचा तर दुर्मीळता ही एकच कसोटी पुरत नाही. एखादा जीव नाहीसा झाला तर त्याच्यामागोमाग कितींचा आधार जाईल, आणि त्याला या जागेवाचून दुसरी जागा आहे काय, हेही विचारावे लागते. रोहिताला कच्छचे रण आहे, पंख आहेत. निवटीला काय आहे?

ओहोटीने चिखल उघडा पडला की ही बोटभर मासोळी बिळाबाहेर येते, परांवर रेटा देत सरपटते, माथ्यावर आलेले बटबटीत डोळे फिरवते, आणि अंग सुकू लागताच कूस बदलून ओल्या गाळात लोळून घेते; कारण ती कल्ल्यांबरोबर ओल्या कातडीतूनही श्वास घेते, आणि त्यामुळे गाळात जे मुरते ते तिच्या अंगात मुरते. बगळा तिच्यावर टपलेला असतो, आणि गुडघाभर चिखलात उतरलेल्या कोळणीचा हातही नेमका तिच्या बिळात जातो. चिंबोरी, बोय, कोळंबी यांची कथा थोडीफार अशीच. रोहितासारखे संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीत यांना स्थान नाही. पण कोळ्यांची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट यांच्यावरच उभी आहे.

ही वहिवाट दप्तराबाहेर ठेवली की काय घडते, ते मालवणने दाखवले आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी तेथे २९.१२ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात आले. पोटावर पाय येईल या धास्तीने मच्छीमारांनी विरोध मांडला, आणि तो दीर्घकाळ धुमसत राहिला. याउलट २०१८ साली राज्य शासनाने जाळ्यात सापडलेले कासव वा देवमासा जाळे कापून सोडून देणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद केली. रक्कम फार मोठी नव्हे, परंतु नुकसान होडीवाल्याचे होते हे दप्तराने मान्य केले, आणि माझ्या मते कोणत्याही बंदीहुकमाहून या कबुलीचे मोल अधिक आहे.

वैशाख सरता सरता रोहित निघून जातात. त्यानंतर पावसाचे पहिले लोट येतात, शहाडच्या पुलाखालची जलपर्णी मुळांसकट सुटून वाहू लागते, कल्याणच्या खाडीतून पुढे सरकते, आणि भरती-ओहोटीत हेलकावे खात तिचे पुंजके जिथे चिखलाला टेकतात, तिथे निवटीची बिळे असतात.