रिम आधी, टायर मागाहून

देशाच्या उत्तर टोकाहून दक्षिणेस जाणारा 44 क्रमांकाचा आणि पश्चिमेहून पूर्वेस जाणारा 27 क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग ज्या झाशीत एकमेकांस छेदतात, तेथे मोटारसायकल ही केवळ तरुणांच्या हौसेची वस्तू राहिलेली नसून ओरछा, दतिया, बबिना, बरुआसागर या गावांशी ज्यांचा नित्याचा व्यवहार आहे, अशा असंख्य कुटुंबांच्या चरितार्थाचे साधन झाले आहे. अठराव्या शतकात नारो शंकर सुभेदार म्हणून येथे आले तेव्हापासून नांदत आलेल्या, आणि पुढे रेल्वेच्या चाकरीनिमित्त मुंबईकडून येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांतील तरुणांचीही तीच स्थिती आहे. आणि या तरुणांच्या मनात गाडी जुनी होऊन मागचे टायर बदलण्याची वेळ आली की एक इच्छा हटकून उद्भवते, ती म्हणजे पूर्वीपेक्षा रुंद टायर बसवण्याची.

ही इच्छा तुच्छ लेखण्याचे कारण नाही. तिचा उगम खुद्द कारखानदारांच्याच धोरणात आहे. 2008 साली यामाहाने 140 मिलिमीटर रुंदीचे मागचे टायर असलेली एफझेड ही गाडी बाजारात आणली आणि शंभर मिलिमीटर व त्याहून कमी रुंदीच्या टायरांना सरावलेल्या लोकांच्या नजरेत मागच्या चाकाच्या भारदस्तपणाची एक नवी प्रतिमा कायमची ठसली. परंतु याच कंपनीच्या आर-15 या गाडीचा दाखला लक्षपूर्वक पाहिला तर निराळा बोध होतो. 2008 च्या पहिल्या आवृत्तीत तिला मागे 100/80-17 मापाचे टायर होते. 2011 साली दुसऱ्या आवृत्तीत ते 130/70-17 झाले. पण हा पालट करताना कारखान्याने जुन्या चाकावर नवे टायर केवळ ओढून चढवले नाही, तर चाकही नवे व अधिक रुंद दिले आणि ते ज्या चिमट्यात फिरते तो चिमटाही बदलला. टायर रुंद करावयाचे तर त्याच्याभोवतीची सारी रचना त्याच्या मापाने घडवावी लागते, हे त्या कारखान्याच्या अभियंत्यांनी गृहीत धरले होते. आपल्या दुकानांत मात्र नेमकी हीच गोष्ट दृष्टीआड केली जाते.

टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे प्रथम नीट वाचले पाहिजेत. 100/90-17 असे लिहिले असेल तर पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे हे सांगतो, म्हणजे येथे 90 मिलिमीटर. आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. त्यापुढे 55पी असे काही लिहिलेले असते, त्याचा अर्थ असा की हे टायर 218 किलो भार आणि ताशी 150 किलोमीटर वेग सोसण्यास पात्र आहे. जुन्या बुलेटच्या टायरावर 3.25-19 असे इंचांतील माप असे. त्याची मिलिमीटरमधील जागा आज सामान्यतः 90/90-19 हे माप घेते.

पण या आकड्यांत जो आकडा नाही, तोच या विषयात निर्णायक आहे, आणि तो म्हणजे रिमची रुंदी. ही रुंदी रिमच्या बाहेरच्या काठापासून काठापर्यंत मोजावयाची नसून टायरच्या कडा जेथे आत टेकतात त्या दोन भिंतींच्या मधील अंतर म्हणून मोजावयाची असते, आणि बहुतेक रिमांवर ती 1.60, 1.85, 2.15, 2.50 अशी इंचांत ठोकलेली आढळते. टायरची रुंदी ही स्वयंभू नाही. तेच टायर अर्धा इंच अधिक रुंद रिमवर चढवले तर ते सुमारे पाच मिलिमीटरने पसरते आणि अरुंद रिमवर चढवले तर तितकेच आवळले जाते. म्हणून प्रत्येक मापाच्या टायरासाठी कोणत्या रुंदीपासून कोणत्या रुंदीपर्यंतची रिम ग्राह्य, याचे तक्ते टायर बनवणाऱ्या कंपन्या प्रसिद्ध करतात. स्थूलमानाने सांगावयाचे तर उंच बांध्याच्या अरुंद टायरांत रिमची रुंदी टायरच्या रुंदीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते, तर रुंद व बुटक्या टायरांत ती पाऊणपटीपर्यंत जाते. 180 मिलिमीटरच्या टायरास साडेपाच इंची रिम लागते ती याच हिशेबाने.

आता 1.60 इंची, म्हणजे जेमतेम 41 मिलिमीटरची रिम असलेल्या एखाद्या साध्या गाडीवर कोणी 100 मिलिमीटरचे टायर चढवले, तर काय घडते? टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि त्याचा माथा, जो मूळच्या घडणीत सौम्य कमानीसारखा असावयास हवा, तो उंच व टोकदार होतो. परिणामी गाडी सरळ चालत असता रस्त्यास टेकणारा पट्टा रुंद होण्याऐवजी अरुंद होतो, मधली नक्षी लवकर झिजते, कडेची नक्षी बहुधा कोरीच राहते, आणि टायरच्या भिंती अधिक लवचिक झाल्यामुळे वळणावर मागचा भाग हेलकावतो. ज्या पकडीसाठी पैसे मोजले, तीच अशा रीतीने हातची जाते. याउलट रुंद रिमवर अरुंद टायर बसवले तर त्याचा माथा सपाट होतो, रिमचे काठ उघडे पडतात आणि खड्ड्यात पहिला आघात त्यांनाच सोसावा लागतो.

रिम योग्य असली तरी रुंदी वाढल्याने पकड आपोआप वाढते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. टायरचा जो भाग रस्त्यास टेकतो त्याचे क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरील भार आणि आतील हवेचा दाब या दोहोंवर ठरते. रुंदीने त्याचे क्षेत्रफळ फारसे न बदलता आकार बदलतो, लांबट पट्टा आडवा होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर हा आडवा पट्टा पाणी बाजूस सारण्यात कमी पडतो आणि लवकर तरंगू लागतो. शिवाय मोटारसायकल कलून वळते, आणि टायर जितके रुंद तितका टेकण्याचा बिंदू वळणाच्या आतल्या बाजूस अधिक सरकत असल्यामुळे त्याच वेगाने तेच वळण घेण्यास गाडी थोडी अधिक कलवावी लागते. हे अंतर अंशादोन अंशांचेच असेल. परंतु पुढचे टायर मूळचेच अरुंद राहिलेले असते, आणि त्या विसंगतीमुळे गाडी वळण्यास जड, काहीशी हट्टी झाल्याचे हातांस तत्काळ जाणवते. ओरछ्याच्या पुढे बेतवेवरील जो अरुंद, बिनकठड्याचा पूल आहे, त्यावर समोरून ट्रॅक्टर येत असता हा जडपणा जिवावर बेतू शकतो.

जागेचा प्रश्न त्याहून साधा असला तरी फसवा आहे. चाक स्टँडवर मोकळे फिरले म्हणजे टायर बसले, असे मानून चालत नाही. एका बाजूस चेन, दुसऱ्या बाजूस चिमटा आणि वर मडगार्ड, यांपासून टायर मोकळे राहावयास हवे ते दोन माणसे बसून धक्काशोषक पूर्ण दबल्यावर, आणि चेन ताणण्यासाठी चाक पुढेमागे सरकवल्यावरही. उंचीचाही विचार हवा. 100/90-17 च्या जागी 120/80-17 आले तर चाकाचा व्यास सुमारे 612 वरून 624 मिलिमीटर होतो, म्हणजे इंजिनास प्रत्येक फेऱ्यात दोन टक्के अधिक मजल मारावी लागते. त्यात टायरच्या वाढीव वजनाची भर पडून लहान इंजिनाची गाडी उचल घेण्यास मंद होते आणि पेट्रोलचा खर्च वाढतो.

सबब आमचे स्पष्ट मत असे की कंपनीने नेमून दिलेले माप हेच सामान्य वाहनधारकास सर्वोत्तम. आणि बदल करावयाचाच असेल तर एकच पायरी वर जावे, तेही रिमची रुंदी टायरच्या तक्त्यात बसत असेल आणि भाराचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नसेल तरच. त्याहून रुंद टायराची हौस असेल तर रिमही बदलण्याची तयारी ठेवावी, अन्यथा तो बेत सोडून द्यावा. झाशीत मे-जून महिन्यांत पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि रस्ते तापतात. अशा वेळी कमी हवेचे टायर भिंतींच्या सततच्या दबण्याने आणखी तापते, म्हणून नवे टायर कोणतेही असो, त्यात किती पौंड हवा भरावयाची ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून, सकाळी टायर थंड असताना भरावी.

सीपरी बाजारातील असो वा सदर बाजारातील, दुकानदार मागाल ते टायर देईल. योग्य काय ते मागण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर आहे. म्हणून वाचकांस विनंती एवढीच की दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या रिमवरील रुंदीचा आकडा, जुन्या टायरावरील संपूर्ण माप आणि चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत दिलेला हवेचा दाब, हे तिन्ही एका कागदावर उतरवून घ्यावेत, आणि तो कागद दुकानदारापुढे ठेवूनच टायर मागावे.