जंगल धूर शोषून घेते, हा अर्धवट समज

खालापूर तालुक्यात खोपोलीलगतच्या साजगावच्या परिसरात कारखाने आहेत, जवळच बोरघाट चढणारी वाहने आहेत आणि वर सह्याद्रीचे जंगल आहे. अशा ठिकाणी ‘जंगल धूर शोषून घेते, उरलेले वृक्षारोपणाने भागेल’ हा समज सहज रुजतो. पानांवर धूळ बसते आणि पर्णरंध्रांतून काही वायू आत जातात हे खरे आहे, परंतु झाडे हवेतून केवळ घेत नाहीत, तर हवेत सोडतातही, आणि नेमका हाच भाग विसरला जातो.

पळस, शिसव यांसारखे वृक्ष उन्हात आयसोप्रीन हा वायू सोडतात; जगभरातील वनस्पती वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन सोडतात, असा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक प्रारूपाचा अंदाज आहे. हवेतील हायड्रॉक्सिल या अतिक्रियाशील मूलकाशी त्याचा संयोग झाला की पेरॉक्सी मूलके तयार होतात आणि ती इंजिनांतून व भट्ट्यांतून आलेल्या नायट्रिक ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये करतात. सूर्यप्रकाशाने त्याचे विघटन होऊन सुटा झालेला ऑक्सिजनचा अणू हवेतील ऑक्सिजनला जोडला जातो आणि ओझोन तयार होतो. नायट्रोजनची ऑक्साइडे अत्यल्प असतील, तर हेच आयसोप्रीन उलट थोडा ओझोन नष्ट करते. साहजिकच दोष पळसाचा नसून त्याच्याभोवती मिसळलेल्या धुराचा आहे.

विल्यम शमायडीस आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अटलांटा शहराबाबत हेच मांडले: झाडांची संयुगे हिशेबात न घेता आखलेले ओझोन-नियंत्रण चुकीच्या दिशेने जाऊ शकते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरील नियंत्रणाला अधिक महत्त्व द्यावे लागते. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी कुंपणालगत रोपे लावून धुराचा हिशेब चुकता झाल्याचे सांगितले जावे, हे खेदजनक आहे. रोपे अवश्य लावावीत, परंतु त्यांना भट्टीच्या धुराड्यातील आणि मालमोटारींतील उत्सर्जनावरील नियंत्रणाची जागा घेता येत नाही.

‘झाडेच प्रदूषण करतात, म्हणून ती तोडावीत’ हा निष्कर्ष तितकाच चुकीचा आहे. ‘ओझोन तर संरक्षक आहे’ हे स्थितांबरात खरे आहे, जमिनीलगत तो फुप्फुसांना व पिकांना अपायकारक आहे. रस्त्यालगत ओझोन कमी मोजला गेला म्हणून हवा स्वच्छ ठरत नाही, कारण तेथील ताजे नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकते आणि तो वाऱ्याच्या दिशेने पुढे, अनेकदा दुपारी, पुन्हा वाढतो.